शाळा सोडण्याचे कारण

गेल्या अंकात जुन्या हायस्कुलांच्या दप्तराबद्दल, म्हणजे ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरांबद्दल, थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. जागेअभावी त्यांतली चारच घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा देणार आहे, कारण तो प्रश्न पुढच्या काही वर्षांत गावोगावी विचारला जाणार आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. पाटण तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलला पुढच्या जूनमध्ये 75 वर्षं पूर्ण होतात. माजी विद्यार्थी स्मरणिका काढतायत आणि ‘शाळेचा इतिहास’ माझ्याकडे दिलाय. मी इथे सहा वर्षांपूर्वी रुजू झाले. संस्थापकांचे फोटो आणि आजवरच्या मुख्याध्यापकांची यादी, एवढंच हाताशी आहे. बारा पानं भरायची आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम, फोटो आणि यादी शेवटच्या पानाला ठेवा. आधी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडायला सांगा आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे मुलं दाखल झाल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीचा, पहिला खंड मागा. ऑफिसातले भाऊसाहेब, म्हणजे क्लार्क, कुरकुर करतील. त्यांचं चुकत नाही. ते कायमचं जपायचं दप्तर आहे आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, ऑफिसातच बसून वाचा. रजिस्टर एका रात्रीसाठीसुद्धा घरी नेऊ नका.

मी 34 वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. दाखल्यांसाठी रजिस्टर रोज उघडलं जायचं. नंबर काढायचा, उतारा लिहायचा, सही-शिक्का, मिटलं. ते वाचायचं असतं हे मला एका आजींनी शिकवलं. वयाचा पुरावा हवा म्हणून त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. जुना खंड, बारीक अक्षर, शाई तांबूस पडलेली. त्यांची नोंद सापडली, मी जन्मतारीख वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘पुढचं पण वाचा की.’ पुढे रकाना होता, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात लिहिलं होतं, ‘लग्न झाल्याने नाव कमी केले.’ तारीख फेब्रुवारीची. आजी थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नववीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती, बाई. माझा गणिताचा अभ्यास झाला होता.’

त्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तो खंड पुन्हा काढला आणि फक्त तो एक रकाना वरून खाली वाचत गेले. वडिलांच्या अर्जावरून. सततच्या गैरहजेरीमुळे. परगावी गेल्याने. फी थकल्याने. मयत. मुंबईस गेला. मुंबईस गेला. मुंबईस गेला. गावाचा इतिहास त्याहून सरळ शब्दांत मी कुठे वाचलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, एक वही घ्या आणि पहिल्या वर्षापासून दरवर्षाच्या चार गोष्टी टिपून ठेवा. किती मुलं दाखल झाली, त्यात मुली किती, कुठल्या कुठल्या गावांहून आली आणि शाळा का सोडली. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली ते शोधा. पहिल्यांदा एखाद्या वाडीतून, धनगरवाड्यातून, दलित वस्तीतून मूल कधी आलं ते शोधा. तुमच्या स्मरणिकेत हे आलं तर त्या त्या घरातली माणसं ती जपून ठेवतील.

तुमचा तालुका पाटण, त्यामुळे काही सालं तर मी इथे बसून सांगू शकते. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या नोंदी नीट बघा. कोयना धरणाचं काम आणि पाणी भरणं त्या काळातलं. गावं उठली, माणसं लांब लांब वसवली गेली आणि मुलांची नावं रजिस्टरातून गेली. त्याच वेळी धरणाच्या कामावर आलेल्या कुटुंबांची मुलं दाखल झाली असतील. त्यांचा ‘जन्मस्थळ’ रकाना वाचा. मग 1967-68चा हजेरीपट काढा आणि डिसेंबर महिना उघडा. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या आठवड्यात शाळा कुठे भरली, कधी भरली, कुणाच्या नावापुढच्या खुणा तिथेच थांबल्या, हे त्या पानावर असेल. हजेरीपट मिळाला नाही तर सूचनावही बघा. मुख्याध्यापकांनी त्या दिवसांत काढलेली एक सूचना जरी सापडली, तरी ती जशीच्या तशी छापा.

1972च्या दुष्काळात किती मुलं गैरहजर राहिली तेही बघा. मोठी मुलं खडी फोडायला जात होती. आणि 1982-83 विसरू नका. 18 जानेवारी 1982ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पाटण-जावळीच्या किती घरांची चूल गिरणीवर चालायची हे तुम्हाला मी सांगायला नको. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. त्या जूनमध्ये आणि मधल्या महिन्यांतही आमच्याकडे मुलं दाखल होत होती. ‘यापूर्वीची शाळा’ या रकान्यात लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या शाळा. एका मुलाकडे दाखलाच नव्हता, तो मागायलासुद्धा परत मुंबईला जायला भाडं नव्हतं. आमच्या तेव्हाच्या हेडसरांनी त्याला तसंच वर्गात बसवून घेतलं. तुमच्या रजिस्टरात अशा ओळी नक्की असतील. तिथे ‘मुंबईस गेला’ ही नोंद उलटी फिरते, बाप मुलांना घेऊन गावी परत येतो.

फीबद्दलही लिहा. 1959मध्ये ईबीसी सवलत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना फीची सवलत, आली. नंतर शिक्षणमंत्री झालेले बाळासाहेब देसाई तुमच्याच पाटणचे. पुढे वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना जात न बघता फी माफ झाली. फी वसुलीची जुनी वही मिळाली तर सवलतीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष शेजारी ठेवून बघा. ‘फी थकल्याने नाव कमी’ हा शेरा किती कमी होतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता शाळा कुणी काढली याबद्दल. आपल्या जिल्ह्यात हायस्कूल म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. 1919मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. 1940मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडलं, तिथे मुलं श्रम करून शिकत. गांधीजींच्या नावाने 101 हायस्कुलं काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला होता. तुमची शाळा रयतची आहे की दुसऱ्या संस्थेची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्या लाटेतली ती आहे हे 75 वर्षांच्या हिशेबावरूनच कळतं.

संस्थेचा इतिहास संस्थेच्या पुस्तकांत आहे. गावाने काय दिलं ते मात्र कुठेच नसतं आणि ते तुम्हीच लिहायचं आहे. पहिला वर्ग कुणाच्या वाड्याच्या सोप्यात भरला? देवळात भरला असेल तर सगळ्या मुलांना आत येऊ देत होते का? जागा कुणी दिली, दगड कुठल्या ओढ्यातून आणले, श्रमदानाला कोणत्या आळीतून माणसं आली? यासाठी शाळा समितीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, शोधा. शाळेच्या सामानाची नोंद असलेलं डेडस्टॉक रजिस्टरही बघा, त्याला कुणी हात लावत नाही म्हणून ते बहुधा शाबूत असतं. पहिल्या पानावर घंटा, दोन खुर्च्या, एक फळा, भारताचा नकाशा असं काहीतरी निघेल, आणि कोणती वस्तू कुणाकडून देणगी आली तेही. घंटा जर रुळाचा तुकडा असेल आणि अजून टांगलेली असेल, तर तिचा फोटो संस्थापकांच्या फोटोइतकाच मोठा छापा.

शिक्षणाधिकाऱ्यांचं शेरेबुकही वाचा. साहेब लोक बहुतेक वेळा ठरावीक लिहितात, पण मधेच एखादा मनापासून लिहून गेलेला असतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. रजिस्टरात जात आहे, जन्मतारीख आहे, शाळा सोडण्याची कारणं आहेत. ही माणसं किंवा त्यांची मुलं गावातच राहतात. नावानिशी काही छापायचं तर त्या घरी जाऊन विचारा. आकडे छापा, कारणं छापा, नाव परवानगीनेच. मी वर ज्या आजींची गोष्ट सांगितली ती त्यांना विचारूनच सांगितली आहे, आणि नाव सांगू नका म्हणाल्या म्हणून सांगितलेलं नाही.

आणि रजिस्टरांची तब्येत बघा. एका शाळेत माझ्या डोळ्यांदेखत दोन खंड गेले. पत्रा गळत होता, कपाट भिंतीला चिकटून होतं, सबंध पावसाळाभर कुणी उघडलं नाही. दिवाळीनंतर काढले तर पानं एकमेकांना अशी चिकटलेली की वीट हातात घेतल्यासारखं वाटलं. अकरा वर्षांत दाखल झालेली सगळी मुलं त्या विटेत आहेत. तेव्हा कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खालच्या फळीवर काही ठेवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून शाई उचलते. लॅमिनेशन तर अजिबात नको. ओलसर झालं तर कडक उन्हात न टाकता सावलीत पंख्याखाली पान पान सुटं करून वाळवा. कोऱ्या धुतलेल्या मांजरपाटात बांधून ठेवा. आणि खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी जपा. नववीच्या मुलांना हे काम देऊ नका, त्यात खाजगी माहिती आहे. तुम्ही आणि भाऊसाहेब दोघं मिळून चार शनिवारांत उरकाल.

प्रश्न : आजोबांचा 1931चा शाळेचा दाखला सापडला. त्यावर ‘इंग्रजी पाचवी पास’ असं आहे. म्हणजे ते फक्त इंग्रजी विषयात पास झाले का? घरात सगळे त्यांना ‘पाचवी शिकलेले’ म्हणायचे.

उत्तर : तुमच्या घरात आजोबांवर नकळत अन्याय झालाय. तेव्हा मराठी चार यत्ता झाल्या की मुलगा इंग्रजी शाळेत जायचा आणि तिथे पुन्हा एकपासून मोजणी सुरू व्हायची. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, एकूण अकरावं वर्ष. तेव्हा तुमचे आजोबा आजच्या हिशेबाने नववी पास होते. 1931 साली, मॅट्रिकला दोन यत्ता राहिल्या असताना त्यांनी शाळा सोडली.

मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. विद्यापीठ 1857चं, पहिली मॅट्रिक 1859ची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. स्वातंत्र्यानंतर ती परीक्षा विद्यापीठाकडून काढून बोर्डाकडे दिली आणि 1949पासून एस.एस.सी. आली. ती अकरावीलाच होती. सत्तरच्या दशकाच्या मध्याला दहावीची एस.एस.सी. आली आणि जुनी अकरावी संपली. त्यामुळे ‘जुनी अकरावी’ म्हणणारे तुमच्या घरातले काका आणि ‘मॅट्रिक’ म्हणणारे आजोबांचे मित्र एकाच पायरीबद्दल बोलत असतात.

दाखल्याची मूळ प्रत घडी न घालता जाड कागदाच्या पाकिटात ठेवा. घडीवरच तो आधी फाटतो.

प्रश्न : माझे वडील, दोन्ही काका आणि शेजारचे तिघे, सगळ्यांचा वाढदिवस 1 जून. शाळेने असं का केलं?

उत्तर : कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि आईबापांना तारीख माहीत नसायची. ‘मोठ्या पुराच्या वर्षी’, ‘थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी’, ‘भाताच्या लावणीत’ असं सांगायचे. गुरुजी मुलाकडे बघायचे, दात बघायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की मूल शाळेच्या वयाचं झालं. मग वय मोजायला सोपी तारीख लिहायची, 1 जून. त्या एका ओळीवर पुढे नोकरी आणि निवृत्ती ठरली. सरकारी कचेऱ्यांतून दरवर्षी 31 मेला एवढी माणसं एकदम निवृत्त होतात ती याच कारणाने.

गुरुजींना दोष देऊ नका. तारखेसाठी अडून बसले असते तर तुमच्या वडिलांचं नावच रजिस्टरात आलं नसतं. वडिलांची आई हयात असेल तर मात्र आजच तिच्याजवळ बसा आणि खरा महिना विचारून घ्या. तिला पीक आठवेल, सण आठवेल. तेवढं पुरतं.

प्रश्न : मी नववीत आहे. 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिनी मला भाषण करायचंय. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत पहिलीत दाखल झाले असं पुस्तकात आहे. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मग ते इतक्या उशिरा शाळेत गेले का?

उत्तर : शाब्बास, तारखांचा हिशेब करून बघितलास. वरचं आजोबांच्या दाखल्याचं उत्तर वाच, कोडं सुटेल. ती इंग्रजी पहिली होती, म्हणजे आताची पाचवी. 14 एप्रिल 1891चा जन्म, 7 नोव्हेंबर 1900ला प्रवेश; साडेनऊ वर्षांचा मुलगा पाचवीत, अगदी वेळेवर.

ती शाळा तेव्हा साताऱ्याचं गव्हर्नमेंट हायस्कूल होती, आता प्रतापसिंह हायस्कूल. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात ती भरायची. ज्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839मध्ये गादीवरून उतरवून बनारसला पाठवलं, त्यांचं नाव आज तिला आहे आणि ती जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिच्या रजिस्टरात 1914 क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आणि त्या छोट्या मुलाची सही आहे. ते पान शाळेने एवढी वर्षं जपलं, म्हणून तर त्या तारखेला महाराष्ट्रात 2017पासून विद्यार्थी दिन पाळला जातो. 1904पर्यंत बाबासाहेब त्या शाळेत होते. पुढे मुंबईला गेले आणि 1907मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले.

भाषणात एवढं सांगून थांबू नकोस. रजिस्टरात नाव आहे, नंबर आहे, यत्ता आहे. तो मुलगा वर्गात कुठे बसायचा ते मात्र त्यात नाही. ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना बसायला वेगळा गोणपाटाचा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

तू नववीत आहेस, तर एक काम कर. तुझ्या शाळेतून पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिकून गेलेली चार माणसं गाठ, चार वेगवेगळ्या वस्त्यांतली. त्यांना दोनच गोष्टी विचार : वर्गात तुम्ही कुठे बसायचा, आणि पाणी कुठलं प्यायचा? मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी त्यांना विचार. शाळेतून निवृत्त झालेल्या शिपाईमामांना विसरू नकोस, माठ त्यांनीच भरलेले असतात. भाषण पाच मिनिटांचं असेल तर बाबासाहेबांच्या गोणपाटाला दोन मिनिटं दे आणि उरलेली तीन या माणसांना. काय सापडलं ते मला कळव, पुढच्या अंकात तुझ्यासाठी जागा राखून ठेवते.